घरी राइट केलेली डीव्हीडी अडकते? नवीन ब्लँक काढायच्या आधी हे बघा

लग्नाची, मुंजीची नाहीतर शाळेच्या गॅदरिंगची डीव्हीडी घरी कॉपी करून नातेवाईकांना वाटली की आठवड्याभरात फोन सुरू होतात, "अरे ती मध्येच अडकते", "चौकोन चौकोन येतात आणि मग हँग", "सप्तपदीवरून डायरेक्ट पंगतीवर उडी मारते". यावर बहुतेक जण एकच करतात, दुसरी ब्लँक काढायची आणि परत राइट मारायची, ती पण अडकली की तिसरी, आणि मग ब्लँकच्या कंपनीच्या नावाने बोटं मोडायची. ब्लँक खराब असते कधीकधी, नाही असं नाही, पण निम्म्या वेळा दोष तिचा नसतोच आणि मग कितीही डिस्क जाळल्या तरी फरक पडत नाही.

त्यामुळे आधी कागद-पेन घ्या, डिस्क लावा आणि अडकते कुठे ते लिहून काढा. मिनिट-सेकंदासकट, म्हणजे "४७ मिनिटं १२ सेकंद" असं, "मध्ये कुठेतरी" असं नको. मग तीच डिस्क परत लावा आणि बघा त्याच जागी अडकते का जागा बदलते. मग शेजाऱ्यांच्या नाहीतर मावशीकडच्या प्लेअरवर लावा. मग कॉम्प्युटरवर. एवढं केलं की दोषी कोण ते बऱ्यापैकी कळतं, कारण संशयित चारच आहेत: डिस्क, राइट करणारा ड्राइव्ह, बघायचा प्लेअर, आणि मुळातली फाईल.

ढोबळ हिशोब असा. प्रत्येक वेळी वेगळ्या जागी अडकत असेल तर प्लेअरवर संशय घ्या, धूळ बसलेली लेन्स, तापलेला प्लेअर, थकलेलं लेझर, यातलं काहीतरी. सगळ्या प्लेअरवर एकाच जागी अडकते आणि कॉम्प्युटरवर कॉपी करताना पण तिथेच रडते, तर डिस्क. दोन वेगवेगळ्या ब्लँकवर राइट केलं आणि दोन्ही अगदी त्याच सेकंदाला अडकतात, तर फाईल, डिस्कला हात लावायची गरजच नाही. आणि सुरुवातीचा तास मस्त चालते पण शेवटची वीस मिनिटं त्रास देते, तर ती डिस्कच्या बाहेरच्या कडेची गोष्ट आहे, तिच्याकडे नंतर येतो.

अजून एक, अडकते त्या क्षणी टीव्हीचा आवाज बंद करा आणि प्लेअरला कान लावा. आतून टक-टक, घर्र, परत टक-टक असं येत असेल तर लेझर तीच जागा परत परत वाचायचा प्रयत्न करतंय, म्हणजे वाचण्यात अडचण आहे. प्लेअर एकदम शांत फिरतोय आणि तरी चित्र झटके खातंय, तर डिस्क नीट वाचली जातेय, घोळ आतल्या व्हिडिओत आहे. ह्या टेस्टला काही सॉफ्टवेअर लागत नाही आणि ती फारशी चुकत पण नाही.

कॉम्प्युटरवरची सोपी टेस्ट

डिस्क उघडा, आत व्हिडिओ_टीएस नावाचा फोल्डर असतो, तो अख्खा हार्ड डिस्कवर कॉपी करा. बस्स, एवढीच टेस्ट. आत मोठ्या मोठ्या व्हीओबी फाईली दिसतील, प्रत्येक जास्तीत जास्त १ जीबीची, दोन तासाच्या डिस्कला साधारण अर्ध्या तासाला एक पडते. कॉपी करताना स्पीडकडे लक्ष ठेवा. एकसारखी गेली तर डिस्क वाचण्यालायक आहे. एखाद्या फाईलवर स्पीड एकदम खाली येतो, ड्राइव्ह हळू होतो, परत पळतो, किंवा विंडोज सायक्लिक रिडंडन्सी चेकचा एरर देऊन थांबतं, तर तिथे डिस्क खराब आहे आणि कितव्या फाईलवर थांबलं त्यावरून जागा पण कळते. तुमच्या कागदावर ४७ मिनिटं लिहिलेलं असेल आणि कॉपी दुसऱ्या फाईलच्या मध्यावर अडकत असेल तर जुळलं.

इथे एक फसगत होते. कॉम्प्युटरवर व्हीएलसी या प्लेअर सॉफ्टवेअरमध्ये छान चालते म्हणून लोक म्हणतात डिस्क ठीक आहे, आणि ते अर्धच खरं आहे. कॉम्प्युटरचा ड्राइव्ह १६एक्सपर्यंत, म्हणजे मूळ वेगाच्या सोळापटीपर्यंत वाचू शकतो, एखादी जागा पाच वेळा वाचावी लागली तरी त्याच्याकडे वेळ असतो. घरातला डीव्हीडी प्लेअर मात्र साधारण १एक्सनेच वाचतो, म्हणजे सेकंदाला जेमतेम ११ मेगाबिट, आणि हाताशी थोडासाच बफर, म्हणजे आधी वाचून साठवायची जागा. त्यामुळे कॉम्प्युटरवर चालणं म्हणजे पास झाली असं नाही, कॉपी एकसारखी झाली का ते बघा.

अक्षता पडतात तिथेच अडकते

हा लग्नाच्या डीव्हीडीचा खास रोग आहे. मंगलाष्टकं व्यवस्थित चालतात, अंतरपाट असतो, सगळे उभे असतात, आणि "सावधान" होऊन अक्षता उडाल्या रे उडाल्या की चित्र थिजतं, दोन-चार चौकोन, आवाज तुटतो, मग पुढे वाजंत्रीवर जाऊन सुटतं. दुसरी कॉपी, तेच. तिसरी कॉपी, तेच. वरातीतले फटाके, हळदीतला नाच, इथेही असंच होतं.

कारण काय, तर व्हिडिओ दाबताना म्हणजे कॉम्प्रेस करताना सॉफ्टवेअर एका फ्रेमपासून दुसऱ्या फ्रेममध्ये काय बदललं तेवढंच लिहून ठेवतं. माणसं उभी आहेत तोवर बदल थोडा, डेटा थोडा. हजारो तांदळाचे दाणे एकदम हवेत उडाले की फ्रेममधला प्रत्येक कोपरा बदलतो आणि डेटाचा लोंढा येतो. आता डीव्हीडी व्हिडिओच्या नियमात व्हिडिओला वरची मर्यादा आहे ९.८ मेगाबिट प्रति सेकंद, आणि व्हिडिओ, आवाज सगळं मिळून १०.०८. बनवणाऱ्याने क्वालिटी चांगली यावी म्हणून कमाल ९ मेगाबिट ठेवलं आणि आवाज न दाबता पीसीएममध्ये ठेवला, तर आवाजच दीड मेगाबिटच्या वर खातो, झाली बेरीज साडेदहा. एरवी सरासरी कमी असते म्हणून चालून जातं, अक्षतांच्या त्या दहा सेकंदात मात्र प्लेअरला झेपत नाही. काही प्लेअर कसेबसे ओढून नेतात, काही तिथेच बसतात. म्हणून मग "आमच्याकडे चालते, तुमचाच प्लेअर खराब" अशी भांडणं होतात.

बघायचं असेल तर व्हीएलसीमध्ये त्या जागी जा, टूल्स मेनूत कोडेक इन्फॉर्मेशन उघडा, त्यात स्टॅटिस्टिक्सच्या टॅबमध्ये बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा येतोय ते, नाचताना दिसतो. काही प्लेअरच्या रिमोटवर डिस्प्लेचं बटण दाबलं की स्क्रीनवर पण येतो. अक्षतांना तो ९-१०च्या घरात उसळत असेल तर चोर सापडला.

उपाय परत राइट करणं नाही, परत एन्कोड करणं, म्हणजे व्हिडिओ नव्याने दाबणं. मूळ प्रोजेक्ट किंवा मूळ रेकॉर्डिंग असेल तर कमाल बिटरेट ८ ठेवा, सरासरी ५च्या आसपास, आणि आवाज डॉल्बी एसी-३ मध्ये १९२ नाहीतर २५६ किलोबिट, लग्नातल्या सनईला आणि काकूंच्या गप्पांना तेवढा पुष्कळ आहे. हिशोब करायचा तर ४.७ जीबीच्या डिस्कवर दोन तास बसवायचे म्हणजे सगळं मिळून सरासरी ५.२ मेगाबिट येते, थोडी जागा सोडायची म्हणून ४.८ धरा. तीन तास एकाच डिस्कवर कोंबू नका, दोन डिस्क करा, नाहीतर अडकणार नाही पण चेहरे धुवून निघतील. फक्त डीव्हीडीच हाताशी असेल, मूळ काही नसेल, तर तीच फाईल परत एन्कोड करावी लागते आणि क्वालिटी थोडी उतरते, पण अडकणाऱ्या लग्नापेक्षा किंचित धूसर लग्न बरं.

याच्याच जवळचा दुसरा प्रकार, अडकत नाही पण माणूस चालला की थरथरतो, गाडी गेली की मागेपुढे झटके खाते, आवाज मात्र एकदम नीट. हे फील्ड ऑर्डर, म्हणजे फ्रेमच्या एकाआड एक ओळींच्या दोन भागांचा क्रम, उलटं झाल्याने होतं. जुन्या मिनीडीव्ही कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग लोअर फील्ड आधी असं असतं, बऱ्याच दुसऱ्या कॅमेऱ्यांचं अप्पर आधी, आणि एडिटिंगमध्ये ते उलटं सेट झालं की प्रत्येक हालचाल एक पाऊल पुढे एक पाऊल मागे दिसते. एक्स्पोर्टच्या सेटिंगमध्ये फील्ड ऑर्डर बदला आणि एका मिनिटाचा तुकडा रीरायटेबल डिस्कवर टाकून जुन्या डबा टीव्हीवर नाहीतर साध्या प्लेअरवर बघा, कॉम्प्युटरवर हे नीट कळत नाही कारण बरेच प्लेअर सॉफ्टवेअर आपणहून सारवासारव करतात.

शेवटची वीस मिनिटं

डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते. म्हणजे पिक्चर सुरू होतो भोकाजवळ आणि संपतो कडेला. राइट केलेली डिस्क ट्यूबलाईटखाली तिरकी धरली की लिहिलेला भाग वेगळ्या छटेचा दिसतो, कुठपर्यंत भरलीय ते डोळ्यांनी कळतं. एकदम कडेपर्यंत भरलेली असेल आणि शेवटीच त्रास असेल तर दोन कारणं एकत्र आलेली असतात. कडेचा भाग बनवतानाच सगळ्यात नाजूक, लेझर ज्यावर लिहितं त्या शाईचा थर तिथे कमीजास्त होतो, बोटं तिथेच लागतात, पाकिटातून ओढताना तिथेच घासते. आणि १६एक्सने राइट करताना ड्राइव्हचा खरा १६चा वेग कडेलाच येतो, आत तो बराच कमी असतो. म्हणजे सगळ्यात नाजूक जागी सगळ्यात घाईने लिहिलं जातं.

मग करायचं काय, तर डिस्क पूर्ण भरायचीच नाही. ४.७ जीबी लिहिलेली असते ती विंडोजच्या मापात ४.३८ भरते, आपण ४.२च्या आसपास थांबायचं. आणि स्पीड ८एक्स. १६एक्सला साधारण सहा मिनिटं लागतात, ८एक्सला आठ-दहा, त्या तीन-चार मिनिटात तुम्ही काय एवढं करणार आहात, चहा घ्या. पण उलट टोकाला पण जाऊ नका, "जितकं हळू तितकं चांगलं" म्हणून १६एक्सच्या ब्लँकवर २एक्स निवडणारे असतात, ती शाई वेगाने लिहायला बनवलेली असते, फार हळू लिहिलं तर उलट खराब लिहिलं जातं, आणि बरेच ड्राइव्ह तर ऐकतच नाहीत. डब्यावर लिहिलेल्या स्पीडच्या साधारण निम्मं, हे लक्षात ठेवायला सोपं.

राइट करताना इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकच आयएसओ फाईल, आधी हार्ड डिस्कवर बनवा, एका ड्राइव्हमधून वाचून दुसऱ्यात थेट लिहायचं नाही. मूळ डिस्कवर चरा असेल तर थेट कॉपीमध्ये ते भोक तसंच उतरतं आणि मग नवीकोरी, एकही ओरखडा नसलेली डिस्क बरोबर त्याच जागी अडकते, माणूस चक्रावून जातो. आयएसओ बनली की संशयाच्या मिनिटावर जाऊन व्हीएलसीत चालवून बघा, मगच राइट करा. राइट करायचं सॉफ्टवेअर इमेजबर्न फुकट आहे, २०१३ नंतर त्याची नवीन आवृत्ती आली नाही पण काम चोख करतं, फक्त डाउनलोड करताना जपून, काही साइटवरच्या इन्स्टॉलरबरोबर नको ते पण येतं, प्रत्येक टिक वाचून पुढे जा. लिनक्सवर के३बी आहे. कशातही करा पण व्हेरिफायची, म्हणजे लिहिलेलं परत वाचून तपासायची, टिक काढू नका. विंडोजमध्ये आयएसओवर राइट क्लिक करून राइट केलं तरी तिथे पण व्हेरिफायचा ऑप्शन असतो. लागणारा वेळ जवळपास दुप्पट होतो हे खरं, पण खराब डिस्क नाशिकच्या आत्याकडे पोचल्यावर कळण्यापेक्षा टेबलावरच कळलेली बरी.

लॅपटॉपला यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह लावून राइट करत असाल तर तो हबमध्ये नको, थेट लॅपटॉपच्या पोर्टात. यूएसबी २ च्या पोर्टातून ५०० मिलिअँपियरच मिळतात आणि लिहिताना ड्राइव्हला मध्येच जास्त लागतात, म्हणून काही ड्राइव्हबरोबर दोन तोंडांची केबल येते, ती दुसरी पिन उगाच नसते, दोन्ही लावा.

ब्लँक कोणती

वरच्या नावाला फार किंमत देऊ नका. एकाच नावाच्या दोन डब्यांमध्ये वेगवेगळ्या कारखान्याचा माल निघतो. इमेजबर्नमध्ये ब्लँक टाकून राइटच्या खिडकीत उजवीकडे बघा, डिस्क आयडी दिसतो, त्यावरून खरा बनवणारा कळतो: एमबीआय असेल तर आपली मोजर बेअर, सीएमसी आणि रायटेक तैवानचे, एमसीसी म्हणजे मित्सुबिशी केमिकल, टीवायजी म्हणजे जपानची तैयो युडेन. तुमच्या ड्राइव्हवर ज्या आयडीच्या डिस्क नीट चालल्या तो आयडी डब्याच्या झाकणावर लिहून ठेवा, पुढच्या वेळी तोच शोधा. डब्यावर एक नाव आणि आत भलताच किंवा विचित्र आयडी असेल तर तो माल नातेवाईकांना वाटू नका, स्वतःच्या टाइमपासला वापरा.

आता दुकानात मिळणारी ब्लँक बरेचदा जुना स्टॉक असतो. मोजर बेअर २०१८ साली लिक्विडेशनमध्ये गेली, तेव्हा त्यांच्या नावाचा डबा कुठे मिळालाच तर तो किती वर्षं कुठे पडला होता ते विचारा, उन्हाच्या काचेमागे ठेवलेला असेल तर सोडून द्या, ब्लँकची शाई ऊन आणि उष्णतेने न वापरता पण मरते.

डीव्हीडी प्लस आर का मायनस आर, हा जुना वाद. फार जुना प्लेअर असेल तर मायनस घ्या, नवीनला दोन्ही चालतात. प्लस आर असेल आणि ड्राइव्ह ऐकत असेल तर बुक टाइप, म्हणजे डिस्क कुठल्या प्रकारची ते सांगणारी नोंद, डीव्हीडी-रॉम करून राइट करा, जुन्या प्लेअरला ती छापील डिस्क वाटते आणि तो कटकट करत नाही. रीरायटेबल मात्र वाटायला वापरू नका, तिच्यावरून लेझरचा प्रकाश साध्या डिस्कपेक्षा बराच कमी परत येतो, जुन्या प्लेअरना ती नीट दिसतच नाही, ती टेस्टिंगपुरती ठेवा.

प्लेअरमध्ये अजिबातच लागत नाही, "नो डिस्क" म्हणतो, तर दोन गोष्टी बघा. विंडोज ब्लँक टाकल्यावर विचारतं की पेन ड्राइव्हसारखी वापरायची का सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी, पहिला ऑप्शन निवडला असेल तर ती साध्या प्लेअरला समजत नाही. दुसरं, डिस्क फायनलाइज, म्हणजे लिहिणं पूर्ण करून बंद, झालीये का. डीव्हीडी रेकॉर्डर आणि छोट्या ८ सेंटीमीटरच्या डिस्क घेणारे हँडीकॅम यात हे हमखास राहतं, फायनलाइज त्याच मशीनवर करावं लागतं, कॅमेरा विकायच्या आधी करून घ्या. आणि ती छोटी डिस्क गाडीच्या स्टिरिओत, जिथे फटीतून डिस्क आत ओढली जाते तिथे, चुकूनही घालू नका, आत गेलेली बाहेर येत नाही.

पुसणं, चिकटवणं, लिहिणं

डिस्क पदराने, रुमालाने, शर्टच्या टोकाने गोल गोल पुसायची नाही. डेटा गोल रेषेत असतो, गोल ओरखडा एकाच रेषेवर लांबवर पसरतो आणि तिथे चूक सुधारायला काही उरत नाही, आतून बाहेर सरळ रेषेत पडलेला ओरखडा प्रत्येक रेषेचा कणभरच भाग खातो आणि प्लेअर तो निभावून नेतो. मऊ सुती कापड, थोडं पाणी, तेलकट ठसे असतील तर साबणाचा एक थेंब किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल, भोकाकडून कडेकडे. नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर, पेट्रोल नको, प्लास्टिक पांढरं पडतं. पावसाळ्यात बंद कपाटात ठेवलेल्या डिस्कवर बुरशीचे पांढुरके ठिपके येतात, ते पण असेच निघतात, कागदी पाकीट मात्र फेकून द्या.

टूथपेस्टने घासायचा उपाय तुम्ही ऐकला असेल. वरवरचा ओरखडा त्याने थोडा गुळगुळीत होतो, पण जी डिस्क टाकूनच द्यायची आहे तिच्यावरच करा, आणि एकदा वाचली गेली की लगेच हार्ड डिस्कवर उतरवून घ्या.

वधूवरांचा फोटो छापलेला गोल स्टिकर, हा फार प्रेमाने केलेला घात. जरा जरी एका बाजूला लागला तरी डिस्क फिरताना थरथरते, आणि प्लेअर तापला की डिंक आणि कागद वेगवेगळे ताणले जाऊन ती किंचित वाकते. म्हणूनच स्टिकरवाली डिस्क पहिला अर्धा तास चालते आणि मग अडकायला लागते, थंड झाली की परत चालते. चिकटवलेला स्टिकर ओढून काढू नका, त्याच्याबरोबर वरचा थर पण ताणला जातो, कॉपी करून घ्या आणि ती बाजूला ठेवा. फोटो हवाच असेल तर प्रिंटेबल ब्लँक मिळते. नाव लिहायला सीडी मार्कर, बॉलपेन नाही.

प्लेअरच आजारी असेल तर

बाजारातून आणलेली छापील डिस्क लावा. ती पण अडकते, तर लेन्स. छापील चालते आणि घरच्या सगळ्याच अडकतात, तर लेझर थकत आलंय, कारण राइट केलेली डिस्क वाचायला त्याला जास्त कष्ट पडतात. ब्रशवाली लेन्स क्लीनर डिस्क एकदा फिरवून बघा, धूळ असेल तर तेवढ्याने काम होतं. धूपाचा, उदबत्तीचा, फोडणीचा तेलकट थर मात्र ब्रशने जात नाही, त्याला झाकण उघडून कापसाच्या काडीला अल्कोहोल लावून हलक्या हाताने पुसावं लागतं, वायर आधी काढून, आणि लेन्स स्प्रिंगवर तरंगते म्हणून दाबायची नाही. जमत नसेल तर दुरुस्तीवाल्याकडे द्या, पण भाव विचारून घ्या, अख्खी लेन्स बदलायचा खर्च कधीकधी जुन्या प्लेअरच्या किमतीएवढा सांगतात.

प्लेअर सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवलाय का ते पण बघा. बॉक्स दिवसभर गरम असतो आणि प्लेअरला खालून शेक बसतो. दोन्ही वेगळे ठेवले आणि अडकणं बंद झालं, असं घडतं. गार प्लेअरवर चालते आणि तापल्यावर कुठलीही डिस्क अडकते, आणि झाकण उघडल्यावर पॉवर सप्लायच्या पट्टीवरचे कपॅसिटर वरून फुगलेले दिसतात, तर ते बदलायला सांगा, काम छोटं असतं.

दोन थरांची डिस्क, म्हणजे ८.५ जीबीवाली, साधारण मध्यावर एकदाच अर्धा सेकंद थांबत असेल तर ते बिघडलेलं नाही, लेझर एका थरावरून दुसऱ्यावर जातंय. इमेजबर्न राइट करताना विचारतं की थर कुठे बदलू, तेव्हा दोन विधींच्या मधली काळी फ्रेम निवडा, मंत्राच्या मध्ये नको. ह्या डिस्क ४एक्सच्या वर राइट करू नका.

अमेरिकेतल्या मुलीला पाठवायची असेल तर अजून एक गोष्ट. आपल्याकडचं रेकॉर्डिंग पालमध्ये असतं, सेकंदाला २५ फ्रेम, तिकडे एनटीएससी, २९.९७. घरी बनवलेल्या डिस्कला रीजनचं कुलूप नसतं पण तिकडचे बरेच साधे प्लेअर पाल घेतच नाहीत. आणि घाईत फुकटच्या कन्व्हर्टरने २५चं २९.९७ केलं की कॅमेरा फिरताना सतत बारीक झटके बसतात, ते ब्लँक बदलून जाणार नाहीत. तिकडे कॉम्प्युटरवर बघणार असतील तर पालच पाठवा.

आणि हे सगळं घरच्या रेकॉर्डिंगबद्दल चाललंय. विकतच्या पिक्चरच्या डीव्हीडीवर कॉपी प्रोटेक्शन असतं, नुसत्या फाईली ओढून राइट केल्या तर हिरवे-गुलाबी चौकोन येतात, तो डिस्कचा दोष नाही, आणि ते कुलूप तोडून कॉपी वाटण्याविरुद्ध कॉपीराइट कायद्यात २०१२च्या दुरुस्तीने वेगळं कलम पण आलंय, तेव्हा तिकडे मी जात नाही.

मूळ डिस्कच मरायला टेकली असेल

लग्न पंधरा वर्षांपूर्वीचं, स्टुडिओ बंद झालेला, आणि एकुलती एक डिस्क अडकतेय. आधी ती प्लेअरमध्ये परत परत लावणं बंद करा. मिळतील तेवढे वेगवेगळे ड्राइव्ह गोळा करा, जुन्या डेस्कटॉपमधला, मित्राच्या लॅपटॉपचा, कारण एका ड्राइव्हला न दिसणारी जागा दुसऱ्याला दिसते, आणि हे वरचेवर होतं. लिनक्स वापरणारं कोणी असेल तर डीडीरेस्क्यू वापरा, ब्लॉकचा साइज २०४८, ते आधी चांगला भाग उचलतं, खराब जागांची नोंद फाईलमध्ये ठेवतं, आणि तीच नोंद घेऊन दुसऱ्या ड्राइव्हवर लावलं की फक्त राहिलेल्या जागांवर प्रयत्न करतं. विंडोजवाल्यांना आयसोबस्टर आहे, त्याच्या काही गोष्टींना पैसे पडतात. शेवटी चार-दोन सेकंदांची भोकं उरली तर उरू देत, एडिटिंगमध्ये तेवढा भाग कापा, नाहीतर प्रत्येक कॉपी तिथेच अडकेल.

जे वाचेल ते हार्ड डिस्कवर दोन ठिकाणी ठेवा. पेन ड्राइव्हवर देणार असाल तर एक लक्षात ठेवा, फॅट३२ या फॉरमॅटच्या पेन ड्राइव्हवर ४ जीबीच्या वरची फाईल बसत नाही, त्यामुळे पूर्ण भरलेल्या डिस्कची आयएसओ जात नाही, पण व्हीओबी फाईली १ जीबीच्याच असल्याने आरामात जातात. टीव्ही त्या ओळखत नसेल तर नावाच्या शेवटचं व्हीओबी काढून एमपीजी लिहा, बऱ्याच टीव्हींवर तेवढ्याने चालतं.